होकायंत्राशेजारची एकवीरा

छोट्या विमानात बसायचं तर आधी आपलं वजन सांगावं लागतं, आणि तेही खरं. डॉक्टरसमोरसुद्धा मी दोन-चार किलो कमीच सांगते. पण माझ्या मुलीने, सायलीने, मला पिशवीसकट काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. तिला शिकवणारे बोरसे सर तेवढा वेळ पाठमोरे उभे राहिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. विमान चार माणसांचं. आत जागा शेअर रिक्षाइतकीच, आणि रिक्षात निदान एक पाय बाहेर काढता येतो.

परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "वरून काय दिसतं?" प्रत्येकाला नव्याने सांगताना माझ्या गोष्टीला रोज नवी फांदी फुटायला लागली आहे. म्हणून एकदाच, घडलं तसं लिहून ठेवते.

आमचं घर भिवंडी तालुक्यात दिघाशीला. शेती आणि गोडाऊन नवरा बघतो, आणि धामणकर नाक्याजवळचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस मी बघते. बघते म्हणजे काय, दिवसभर फोनवर ट्रकवाल्यांना वाट सांगते. देशभरातून कंटेनर येतात, सगळे मोबाईलचा नकाशा बघत. त्या नकाशाला वाटतं, दोन घरांमध्ये फट दिसली की तो रस्ता. मग भलीमोठी गाडी कुठल्या तरी गावाच्या बोळात जाऊन अडकते आणि ड्रायव्हर मला फोन करतो, "मॅडम, मॅप तो यहीं बता रहा है." मी म्हणते, "तो मॅप को बोलो, आके गाडी निकाले."

आमच्याकडे वाट विचारायची असते. नाक्यावर थांबायचं, काच खाली करायची, टपरीवाल्याला विचारायचं, आणि त्याने सांगितलेलं पुढच्या टपरीवाल्याकडून तपासून घ्यायचं. दोघांचं जुळलं तर निघायचं. अशा बाईच्या पोटी सायली जन्मली. तिने खानदेशातल्या एका विमानशाळेत जाऊन खासगी वैमानिकाचं लायसन मिळवलं, आणि पुढे नोकरीचं लायसन मिळावं म्हणून ती तिथेच राहून उड्डाणाचे तास जमवत होती.

दिवाळीच्या आधी, एकटी उडत असताना, ती वाट चुकली. तिच्या मांडीवर पाटीएवढा एक संगणक असतो, त्याला ती टॅब म्हणते. त्यात विमानांसाठीचं नकाशाचं सॉफ्टवेअर. काचेजवळ मोदकाएवढी जीपीएसची डबी ठेवलेली असते. ती उपग्रहांकडून आपली जागा समजून घेते आणि वायरीतून टॅबला सांगते. पडद्यावर जायच्या वाटेची गुलाबी रेघ, आणि तिच्यावर हळूहळू सरकणारं बारकंसं विमान. त्या दिवशी वायर सैल झाली. पडद्यावरचं विमान जागीच थांबलं, खरं विमान चालत राहिलं, आणि आमची पोर पडद्याकडेच बघत राहिली. शेवटी रेडिओवर मदत मागून भलत्याच धावपट्टीवर उतरली. विमानाला ओरखडाही गेला नाही, पण तिचा धीर गेला. त्यानंतर ती उडायची, पण दर थोड्या वेळाने सरांकडे बघायची, "बरोबर ना?" म्हणून.

शाळेच्या मुख्य साहेबांनी तिला सरळ सांगितलं. एक विमान तपासणीसाठी मुंबईला, जुहूच्या विमानतळावर न्यायचं आहे, ते तू ने. बोरसे सर शेजारी बसतील, पण सल्ला देणार नाहीत. नीट नेलंस तर पुढचं शिक्षण चालू, नाहीतर तुझ्या घरच्यांशी बोलू.

त्याच संध्याकाळी सायलीचा फोन आला. "आई, मागची सीट रिकामी आहे, परवानगी काढलीय मी. तू ये. जमलं तर जमलं. नाही जमलं तर सामान घेऊन तुझ्याबरोबर घरीच येते. तुझं ऑफिस सांभाळीन."

खरं सांगते, "ऑफिस सांभाळीन" ऐकून माझं अर्धं मन सुखावलं. एकुलती एक पोर, रोज संध्याकाळी घरी जेवायला असेल. उरलेलं अर्धं मन तिच्या आवाजाकडे लागलं होतं. त्या आवाजात जीव नव्हता. सासूबाईंना सांगितलं तर त्या अंगणात भात पाखडता पाखडता म्हणाल्या, "आभालान ना नाका, ना टपरी. वाट चुकली त इचारशील कोनाला गो?"

भिवंडी ते तापीकाठ

गाडी रफिकभाई चालवत होते. हे मूळचे आझमगडचे. आधी कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचे, कानाला खटखट सोसेना म्हणून स्टिअरिंग धरलं, ते आमच्याच ऑफिसात. त्यांच्या डॅशबोर्डवर एका बाजूला ७८६ चं स्टिकर आहे आणि दुसऱ्या बाजूला मी बसवलेली एकवीराआई. दोघांचं छान पटतं. आमच्याकडे नवी गाडी असो की जुन्या गाडीवर नवा ड्रायव्हर, एकवीराआई आधी बसते, मग गिअर पडतो. म्हणून निघता निघता मी नाक्यावरच्या ट्रक सजावटीच्या दुकानातून अंगठ्याएवढी एक मूर्ती घेतली. तळाला दणकट चुंबक, "पत्रा फाटेल पण देवी पडणार नाही," असं दुकानदार म्हणाला. सायलीच्या विमानासाठी म्हटलं तर त्याने पैसे घ्यायला काचकूच केली. मी दिलेच.

कसारा घाट, नाशिक, चांदवड. या रस्त्याने आमच्या गाड्या रोज जातात, मी मात्र दहा वर्षांत चांदवडच्या पुढे गेले नव्हते. चांदवडला रफिकभाईंनी चहाला गाडी थांबवली. तिथल्या उघड्या डोंगरांकडे बघून मला आमच्या हिरव्या टेकड्यांची आठवण आली आणि थोडा तोराही चढला. पुढे कांद्याची शेतं लागली, रोपं लावणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. आमच्याकडे भात कापून झालं की शिवार ओकंबोकं पडतं. यांचा खरा हंगाम तेव्हा सुरू होतो.

विमानशाळेत पोचले तेव्हा सायली धावतच आली. हडकलेली दिसली. मेसमध्ये शेवभाजी होती. वरती तांबड्या तेलाचा तवंग, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची काळसर भाकरी. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्या जिभेला ती आधी रांगडी वाटली, पण दुसरी मी मागून घेतली. मग मी पिशवीतून सुकटीच्या चटणीची बरणी काढली. झाकण उघडताच शेजारचं टेबल रिकामं झालं. बोरसे सर शाकाहारी, तरी बसून राहिले. साठीचे, सडपातळ, कमी बोलणारे. एवढंच म्हणाले, "काकू, ही बरणी उद्या विमानात फुटली तर आपण कुठे आहोत ते खालच्यांना वासावरून कळेल."

सरांशी एकटीने बोलायला मिळालं तेव्हा मी त्यांना विचारलं, "पोरीत दम आहे का?"

"हात उत्तम आहे तिचा," ते म्हणाले. "डोळेही चांगले आहेत. पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नाही. उद्या मी मुद्दाम गप्प बसणार आहे. तुम्हीही बसा."

मी गप्प बसायचं, हे नंतर सायलीला सांगितलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

धावपट्टी

सकाळी ऊन कोवळं होतं. सायली आणि सर विमानाभोवती फिरत होते. ती प्रत्येक गोष्टीला हात लावून तपासत होती: पंख्याचं पातं, चाकाची हवा, पंखावरचा एकेक स्क्रू. टाकीत काठी घालून तेल मोजलं, बाटलीत थोडं काढून उजेडात धरलं. आमच्याकडे नारळ फोडला की गाडी तपासून झाली. ब्रेकचं बघायला घाट आहेच. नारळ मी आणला होताच, पण सरांनी हात जोडले. धावपट्टीवर करवंटीचा तुकडा पडला आणि पंख्याने उडवला तर गोळीसारखा लागतो म्हणे. मग मी नारळ मेसच्या आचाऱ्याला देऊन टाकला.

पण एकवीराआई राहिली होती. मला मागच्या सीटवर बसवून दोघं शेपटीकडे गेले, तशी मी पुढच्या दोन सीटांमधून वाकले. मूर्ती कुठेच चिकटेना. सगळं प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम. डॅशबोर्डच्या मधोमध, काचेला लागून, एक छोटी काळी डबी होती, आत पाण्यात तरंगणारा आकड्यांचा गोळा. तिच्या मागे बरोबर देवीपुरती जागा होती. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून आईला तिथे बसवलं, नमस्कार केला आणि शहाण्यासारखी मागे सरकून पट्टा बांधला. पुढे बसणाऱ्याला ती दिसणार नव्हती, पण देवीला सगळं दिसतंच.

सायली डावीकडे बसली, सर उजवीकडे. तिने टॅब मांडीवर बांधला, जीपीएसची डबी लावली, वायर दोनदा ओढून बघितली. मला कानावर मोठे हेडफोन दिले. मी ते आधी उलटे घातले, त्यामुळे बोलायची दांडी डोक्यामागे गेली आणि माझे पहिले दोन प्रश्न कुणाला ऐकूच गेले नाहीत. धावपट्टीच्या टोकाला विमान पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं. सायलीने त्या काळ्या डबीकडे बोट दाखवून म्हटलं, "कंपास, धावपट्टीशी बरोबर." मग इंजिन ओरडायला लागलं, दगड-गवत मागे पळायला लागलं, आणि खडखडाट अचानक थांबला. आम्ही वर होतो. मी डोळे मिटले होते, हे इथे नोंदवते, कारण सायली सगळ्यांना सांगतेच आहे.

वर

वरून काय दिसतं? आधी काहीच दिसत नाही, कारण आपण आपला जीव बघत असतो. मग हळूहळू जमीन दिसायला लागते. नांगरलेली, पेरलेली, पडीक, अशी ठिगळं जोडून शिवलेली गोधडी. विहिरी म्हणजे काळे ठिपके. मुंबई-आग्रा रस्ता आमच्या पोटाखालून जात होता आणि त्यावर गाड्या मुंग्यांच्या चालीने निघाल्या होत्या. आदल्या दिवशी मी त्यातलीच एक मुंगी होते.

सायलीने विमान नैर्ऋत्येकडे वळवलं आणि होकायंत्रावरून दिशा लावली. रेडिओवर तिचा आवाज वेगळाच येत होता, मोठ्या माणसाचा. मला अभिमान वाटला. मालेगावपर्यंत सगळं ठीक होतं, निदान मला तसं वाटलं.

मग तिची मान खाली जायला लागली. टॅबकडे, होकायंत्राकडे, परत टॅबकडे. मागून मला पडदा दिसत होता. बारकं विमान गुलाबी रेघेवरून डावीकडे सरकत चाललं होतं. सायलीने थोडं वळवून ते रेघेवर आणलं, तर होकायंत्र म्हणायला लागलं की दिशा चुकली. होकायंत्राप्रमाणे घेतलं, की टॅबवर रेघ सुटायची. तिने जीपीएसची वायर दाबली. घट्ट होती. काढून पुन्हा लावली. तरी तेच.

"परत तेच होतंय," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. तिने सरांकडे बघितलं. सर समोर बघत होते, हात मांडीवर, देवळात बसल्यासारखे.

आता तिच्याकडे दोन टपरीवाले होते आणि दोघांचं जुळत नव्हतं. मी खाली रस्त्यावर असते तर तिसऱ्याला विचारलं असतं.

सायलीने टॅबचा पडदा मांडीवर उलटा केला. एकदा त्याने दगा दिला होता, आता ती त्याला उभं करणार नव्हती. होकायंत्राची दिशा धरून ती सरळ निघाली. मला वाटलं, बरं झालं, पोरीने ठरवलं काहीतरी. पण थोड्या वेळाने खालचा रस्ता उजवीकडे सरकत सरकत धुरकटात नाहीसा झाला. जमीन सपाट झाली. खालून एक रेल्वेलाइन आली, तिच्यावर लांबलचक मालगाडी. सायलीच्या मानेवर घाम आला होता. इंजिनाच्या आवाजात मी एकवीराआईला म्हटलं, आई, पोरीला घरी आण. आणि लगेच माझ्या लक्षात आलं की नेमकं कुठल्या अर्थाने घरी आण म्हणतेय, ते माझं मलाच ठरवता येत नाहीये. मग मी नीट म्हटलं, आई, हिला जिथे जायचंय तिथे पोचव.

नेमक्या कुठल्या क्षणी सायलीने मान वर केली ते सांगता येणार नाही. पण तिने ती वर केली आणि मग खाली घातलीच नाही.

"सर, मी बोलते, तुम्ही ऐका," ती म्हणाली. "समोर उजवीकडे तो सुळका आहे ना, अंगठा वर केल्यासारखा? हडबीची शेंडी. म्हणजे खाली मनमाडची लाइन. आपल्याला चांदवडवरून जायचं होतं, तर ही शेंडी डावीकडे लांब दिसायला हवी होती. ती उजवीकडे आहे. हायवे उजवीकडे गेलाय. म्हणजे आपण खूप दक्षिणेला आलोय."



तिने टॅब सुलटा केला. पडद्यावरचं बारकं विमान मनमाडजवळच होतं. "टॅब खरं सांगतोय. कंपास चुकतोय."

आता सर बोलले. "कशावरून? मागच्या वेळी टॅबनेच फसवलं होतं तुला."

"मागच्या वेळी मी बाहेर बघितलंच नव्हतं, सर. आता बघतेय." आणि तिने विमान उजवीकडे वळवलं. सरांकडे न बघता. मग रेडिओवर शांतपणे सांगितलं की आम्ही वाटेच्या डावीकडे आलो होतो, आता परत वाटेवर जातोय. लपवाछपवी नाही, रडारड नाही. तशाच गेलो असतो तर शिर्डीला उतरणाऱ्या मोठ्या विमानांच्या वाटेत शिरलो असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माझ्या पोरीच्या आवाजात परत जीव आला आहे, आणि माझे डोळे भरून आले.

वळण घेताना उन्हाची तिरीप आत आली आणि काचेत काहीतरी सोनेरी चमकलं. सायलीने मान तिरकी करून होकायंत्राच्या मागे बघितलं. मग म्हणाली, "आई."

"काय गो?"

"पुढे काय चिकटवलंस?"

"एकवीराआई. गाडीत बसवतात ती."

"चुंबकवाली?"

मी होय म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडला. होकायंत्राची सुई म्हणजे काय, तर चुंबक. शाळेत शिकले होते की मीही. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणी फार खाली होती.

सरांनी हात लांबवून मूर्ती हळूच सोडवली, कपाळाला लावली आणि खांद्यावरून मागे माझ्या हातात दिली. "अगदी मागे धरा, काकू. शेपटीपर्यंत नेता आली तर उत्तम." आकड्यांचा गोळा पाण्यातल्या लिंबासारखा डुलला, फिरला आणि जागेवर येऊन थांबला. टॅब, होकायंत्र आणि चांदवडचे डोंगर, तिघांचं जुळलं.

मी रडवेली होऊन विचारलं, "पण निघताना तर बरोबर होतं ना?"

"चुंबकाची खोड असते," सर म्हणाले. "एका दिशेला तोंड असताना गुपचूप बसतो, वळलात की खोड्या काढतो. वारा विमानाला ढकलतोय असं मी समजत होतो. मलाही उशिराच कळलं, हे खरं." आणि मग ते इतके हसले की त्यांच्या हेडफोनची दांडी हलायला लागली. सायलीही हसायला लागली. मी देवीला पदराखाली धरून दोघांना हसू दिलं. मला तेवढी शिक्षा होणं योग्यच होतं.

यापुढचा प्रवास सायलीने मजेत केला. टॅब बघायची, मग बाहेर बघून खात्री करायची, मग होकायंत्र. तिघांना विचारत विचारत निघाली होती, अगदी आमच्या घराण्याच्या रीतीने. नाशिक डावीकडे टाकलं. अंजनेरीचा डोंगर शेजारून गेला. घाटावर वाऱ्याने विमान असं उडवलं की शेवभाजी आणि मी यांच्यात मोठा झगडा झाला. शेवभाजी जिंकली. पिशवीची सोय होती, जास्त सांगत नाही. खाली धरणाचं मोठं पाणी दिसलं तेव्हा तोंड पुसत मी जाणकारासारखं म्हटलं, "भातसा!" सायलीने पडद्यावर बघून सांगितलं, "वैतरणा." थोड्या वेळाने मी म्हटलं, "वैतरणा!" ते भातसा निघालं.

आणि मग आमचा मुलूख आला. पडघ्यापासून गोडाऊनची छपरं सुरू झाली, निळी आणि पांढरी, एकाला एक लागून, जणू कुणी वह्या उन्हात वाळत घातल्यात. त्यांच्यामध्ये अडकलेली हिरवी शेतं आणि खाडीकडे निघालेली कामवारी नदी. भिवंडीवर आलो तर लूमच्या पत्र्यांची दाटी. इतक्या वर्षांत मी हे शहर कधी बिनआवाजाचं पाहिलं नव्हतं. वरून खटखट नाही, हॉर्न नाही. खाली इतकी माणसं राबतायत आणि कुणीच ओरडत नाहीये, असं वाटत होतं. मला माझं ऑफिस सापडलं नाही. दिवसाला शंभर जणांना त्याचा पत्ता सांगणारी मी, पण वरून धामणकर नाकाही ओळखता आला नाही.

"दिघाशी उजवीकडे राहिली, आई," सायली म्हणाली. मी त्या दिशेला हात हलवला. सासूबाई अंगणात असणार, त्यांना काही दिसलं नसणार.

मुंबईच्या नियंत्रकाने सांगितलेल्या उंचीवरून, सांगितलेल्या वाटेने सायली समुद्रापर्यंत गेली आणि जुहूच्या धावपट्टीवर अशी उतरली की चाकं कधी टेकली ते मला कळलं नाही. डोळे या वेळी उघडे होते.

जुहू ते धामणकर नाका

खाली उतरल्यावर मी सरांची माफी मागितली. ते म्हणाले, "देवीला जरूर आणा. फक्त चुंबक घरी ठेवा." मग सायलीकडे वळले. "विमान तयार झालं की परत न्यायचंय. या वेळी मी येणार नाही, तू एकटी. मुख्य साहेबांना काय सांगू?"

मला वाटलं, ती उडीच मारेल. पण तिने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीचा बंद बांधायला लागले, जो बांधलेलाच होता. ती हळूच म्हणाली, "सांगते सर, संध्याकाळपर्यंत."

विमान सोपवून बाहेर येईपर्यंत दुपार टळली. आदल्या रात्रीच खानदेशातून परत पाठवलेले रफिकभाई बाहेर गाडी घेऊन उभे होते. खानदेशातून जुहूला यायला लागला त्याच्यापेक्षा जास्त वेळ जुहूहून भिवंडीला लागला, हे सांगायला नकोच. सायली आणि मी मागे बसलो होतो. तिने मला फोनवर शब्द दिला होता, नाही जमलं तर घरी येईन. जमलं होतं, तरी तिला माझ्या तोंडाकडे बघावं लागत होतं, कारण माझं अर्धं मन तिने केव्हाच ओळखलं होतं. पोरींना कळतं. मला बोलायचं होतं, पण ठाणं गेलं, माणकोली गेली, आणि शब्द काही जमेनात. ती गेली की घर किती मोठं वाटतं, हे मला ठाऊक आहे. ती रोज जेवायला घरी असेल, या सुखाचं चित्र मी इतके दिवस मनात रंगवलं होतं.

धामणकर नाक्यावर गाडी अडकली. चारी बाजूंनी रिक्षा, टेम्पो, मधे एक कंटेनर आडवा. रफिकभाईंनी इंजिन बंद केलं आणि आरशातून सायलीकडे बघत मायेने विचारलं, "तो बिटिया, अब इधरच ना? मम्मी के साथ ऑफिस में?"



"नहीं, रफिकभाई," मी म्हटलं. "विमान रेडी हुआ की इसको वापस जुहू छोड़नेका है. टाकी फुल करके रखना."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. "आई, नक्की?"

"सरांना फोन लाव," मी म्हटलं. "संध्याकाळ व्हायला आली."

तिने तिथेच फोन लावला. कंटेनर काढायला सगळा नाका एकदम हॉर्न वाजवत होता, पलीकडे सरांना काही ऐकू येईना. तिने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि जीव खाऊन ओरडली, "हो सर! हो! एकटी! मी एकटी नेते!"

शेअर रिक्षातली माणसं वळून बघायला लागली.